सिकलसेलचा दोष आधी प्रथिनात सापडला, जनुकात नंतर

प्रश्न गोंदियाच्या एका विद्यार्थ्याचा आहे. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालंय, एम.एस्सी.ला जीवरसायन घेतलंय आणि सीनियर सांगतात की प्रथिनांचं रसायन जुनं झालं, आता सगळा जमाना जनुक संपादनाचा. हे खरं का? शिवाय त्याच्या चौदा वर्षांच्या मामेबहिणीला सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आलेलं. क्रिस्पर या जनुक संपादनाच्या तंत्राने तो कायमचा बरा होतो असं घरात कुणीतरी मोबाइलवर पाहिलंय. तेही खरं का?

दोन्ही उत्तरं एकमेकांत इतकी गुंतली आहेत की वेगळी काढता येणार नाहीत. मी पंचवीसेक वर्षं प्रथिनं शुद्ध करते आहे, त्यातली गेली काही वर्षं कॅस-9 आणि त्याची भावंडं. त्यामुळे माझं मत थोडं आमच्या धंद्याकडे झुकणारच, ते गृहीत धरून वाचा. तुमच्या सीनियरांना एकच विचारा: क्रिस्परमध्ये डीएनए कापतं कोण? जनुक काही स्वतःला कापून घेत नाही. कापतं ते कॅस-9 हे प्रथिन, 1368 अमिनो आम्लांचं, भलंथोरलं.

पण आधी बहिणीच्या आजाराकडे येऊ, कारण ती गोष्ट तुमच्या विषयाची आहे.

1949 मध्ये कॅलिफोर्नियात लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेलच्या रुग्णांचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात सरकवून पाहिलं. ते निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या वेगाने सरकलं. वाहकांच्या, म्हणजे एकच सदोष जनुक असणाऱ्यांच्या, रक्तात दोन्ही प्रकार मिळाले. म्हणजे रेणूवरच्या विद्युतभारात फरक आहे, आणि आजार त्या रेणूत आहे. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना माहीत व्हायला अजून चार वर्षं होती. मग 1956 मध्ये केंब्रिजला व्हर्नन इंग्राम यांनी ट्रिप्सिन या एन्झाइमने दोन्ही हिमोग्लोबिनांचे तुकडे केले, ओल्या कागदावर एका दिशेने विजेने आणि आडव्या दिशेने द्रावकाने ते पसरवले आणि निनहायड्रिनने ठिपके उठवले. सगळे ठिपके जुळले, एक सोडून. त्या एका ठिपक्याची उकल करत गेल्यावर कळलं की हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या 146 मण्यांपैकी, म्हणजे अमिनो आम्लांपैकी, सहावा मणी बदललाय. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. बस्स, एवढंच.

डीएनएची अक्षरं सहजपणे वाचण्याची पद्धत 1977 ची. म्हणजे जनुकातली चूक कुणाला वाचता येण्याच्या वीस वर्षं आधी ती कागद, वीज आणि एका एन्झाइमच्या जोरावर पकडली गेली होती. मी हे वर्गात सांगते तेव्हा मुलं विचारतात, मॅडम, हे परीक्षेला आहे का?

आता या एका मण्याने एवढा गोंधळ का होतो ते पाहा. ग्लुटामिक आम्ल ऋण भाराचं, पाण्याशी जमवून घेणारं. व्हॅलिन तेलकट स्वभावाचं, पाण्यापासून अंग चोरणारं. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलेला असतो तोवर त्या व्हॅलिनला लपायला जागा नसते आणि काही बिघडत नाही. ऑक्सिजन सुटला की रेणूचा आकार किंचित बदलतो आणि बीटा साखळीवरच 85 क्रमांकाचं फेनिलअलानिन आणि 88 क्रमांकाचं ल्युसिन यांच्यामध्ये एक तेलकट खाच उघडी पडते. शेजारच्या रेणूचं व्हॅलिन त्या खाचेत जाऊन बसतं. मग त्याच्या शेजारचं, मग त्याच्याही शेजारचं. अशा माळा एकमेकींना पीळ घालून कडक दोर तयार होतो, एकेका दोरात चौदा पदर. तांबडी पेशी आतून त्या दोरांनी ताणली जाते आणि विळ्यासारखी वाकते. बारीक केशवाहिन्यांत अशा पेशी अडकल्या की ती कळ येते, जी तुमच्या घरात सगळ्यांनी पाहिली असेल.

यातली एक गोष्ट डॉक्टर सांगतात पण कारण सांगत नाहीत. हा दोर वळला जाण्याचा वेग हिमोग्लोबिनच्या संहतीवर, म्हणजे दाटपणावर, भयंकर अवलंबून असतो. संहती जराशी वाढली की वेग कित्येक पटींनी वाढतो. शरीरात पाणी कमी पडलं की पेशीतलं पाणीही कमी होतं, हिमोग्लोबिन दाट होतं आणि केशवाहिनीतून पार होण्याआधीच दोर वळला जातो. विदर्भाच्या मे महिन्यात सिकलच्या मुलीला सारखं पाणी प्यायला लावतात, ते उगाच नाही. आरोग्य केंद्रात होणारी सोल्युबिलिटी टेस्टही हीच करामत नळीत करते: डायथायोनाइट टाकून ऑक्सिजन काढून घेतात, एस, म्हणजे सिकलचं, हिमोग्लोबिन विरघळलेलं राहत नाही, द्रावण गढूळ होतं आणि नळीमागच्या रेघा दिसेनाशा होतात. ही चाचणी वाहकालाही पॉझिटिव्ह दाखवते, म्हणून पुढे एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी, लागते.

आणखी एक धागा. सिकल घेऊन जन्मलेली बाळं पहिले काही महिने ठणठणीत असतात. 1948 मध्ये ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी यावर बोट ठेवलं. गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याला एचबीएफ म्हणतात. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते आणि ती त्या दोरात नीट बसत नाही. न बसण्याचं एक मोठं कारण 87 व्या जागेवर आहे. बीटामध्ये तिथे थ्रिओनिन असतं, गॅमामध्ये ग्लुटामिन. जन्मानंतर शरीर गॅमा बंद करून बीटा सुरू करतं आणि त्रास सुरू होतो.

एवढं समजलं की आजचे उपचार आपोआप समजतात. 8 डिसेंबर 2023 रोजी अमेरिकेत सिकलसेलसाठी एकाच दिवशी दोन जनुकीय उपचारांना परवानगी मिळाली. त्यातला लिफजेनिया हा विषाणूच्या मदतीने पेशीत एक जादाचं बीटा जनुक घालतो, पण साधं नाही. त्यातल्या 87 व्या जागी गॅमातून उसनं घेतलेलं ग्लुटामिन आहे. दुसरा कॅसजेव्ही, हाच तो क्रिस्परवाला. ब्रिटनने त्याला तीनेक आठवडे आधीच मान्यता दिली होती. आणि इथे बहुतेकांची गल्लत होते: कॅसजेव्ही सिकलची चूक दुरुस्त करतच नाही. सहावा मणी व्हॅलिनच राहतो. बीसीएल11ए नावाचं एक प्रथिन गॅमा साखळीचं जनुक दाबून ठेवतं. कॅसजेव्ही रक्ताच्या मूळ पेशींमध्ये, म्हणजे ज्यांतून सगळ्या रक्तपेशी तयार होतात त्यांत, त्या प्रथिनाचं उत्पादन वाढवणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर घाव घालतो. पहारेकरी कमजोर झाला की गॅमा पुन्हा सुरू, एचबीएफ वाढतं आणि दोर वळले जात नाहीत.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट.

कॅस-9 बनवायचं म्हणजे त्याचं जनुक ई. कोलाय जिवाणूत घालायचं, जिवाणू वाढवायचे, मग तापमान 18 अंशांवर आणून इंड्यूस करायचं, म्हणजे त्यांना प्रथिन बनवायला लावायचं, आणि रात्रभर हलवत ठेवायचं. 37 अंशांवर घाई केली तर एवढं मोठं प्रथिन नीट घडी न पडता गोळा होऊन बसतं. सकाळी सेंट्रिफ्यूज, पेलेट, सोनिकेशन, निकेल कॉलम, म्हणजे जिवाणू गोळा करून फोडायचे आणि आपलं प्रथिन वेगळं काढायचं. इथवर कुठल्याही प्रथिनासारखंच. खरी गंमत पुढे. कॅस-9 चा जन्मच डीएनए-आरएनएला चिकटण्यासाठी झालेला, त्याच्या पोटात धन भाराची लांबलचक घळ आहे. त्यामुळे जिवाणू फोडला की त्यातला जो काही आरएनए सापडेल तो हे प्रथिन मिठी मारून घेऊन येतं. आमची एक बॅच जेलवर इतकी सुंदर आली होती, एकच बँड, 160 किलोडाल्टनच्या आसपास, फोटो काढून भिंतीवर लावावा अशी. वापरली तर काहीच कापेना. तीन आठवडे आम्ही गाइड आरएनएला, म्हणजे कॅस-9 ला कुठे कापायचं ते दाखवणाऱ्या आरएनएला, दोष देत बसलो. शेवटी 260 (आरएनएचं) आणि 280 (प्रथिनाचं) नॅनोमीटरच्या रीडिंगचं गुणोत्तर नीट पाहिलं तेव्हा कळलं की घळीत आधीच जिवाणूचा आरएनए बसलाय, आमच्या गाइडला जागाच नाही. जेलवर कूमॅसी या रंगाने प्रथिन रंगतं, आरएनए रंगत नाही! तेव्हापासून जास्त मिठाचा वॉश आणि मग हेपरिनचा कॉलम यांना आमच्याकडे सुट्टी नाही. हेपरिनही ऋण भाराची लांब साखळी, डीएनएचं सोंग घेणारी. कॅस-9 तिला धरून बसतं आणि मीठ वाढवत गेलं की सोडतं.

पेशीच्या केंद्रकात शिरण्यासाठी या प्रथिनाच्या टोकाला सात अमिनो आम्लांचा एक पत्ता जोडावा लागतो, एसव्ही40 या विषाणूकडून उचललेला. मग गाइड आरएनए मिसळायचा. तो बसल्यावर प्रथिन अंग वळवून कामाच्या आकारात येतं. त्याआधी ते निरुपयोगी असतं. हे तयार जोडपं विजेच्या झटक्याने पेशीत घालतात. कॅसजेव्हीतही असंच तयार जोडपं घालतात, जनुक नव्हे. याचं कारण मला फार आवडतं. जनुक घातलं तर पेशी दिवसचे दिवस कॅस-9 बनवत राहते आणि ते भलत्या जागी कापण्याची शक्यता वाढत जाते. प्रथिन घातलं तर ते आपलं काम करतं आणि दोनेक दिवसांत पेशी त्याला मोडून खाते. जी गोष्ट आम्ही एरवी शाप समजतो, प्रथिन टिकत नाही ही, तीच इथे कामी येते.

भलत्या जागी कापण्याचा प्रश्नही शेवटी साखळीतल्या मण्यांचाच. कॅस-9 आधी डीएनएवर जीजी ही दोन अक्षरं शोधतं आणि ती वाचतात 1333 आणि 1335 क्रमांकाची दोन आर्जिनिन. ती सापडली की तिथून वीस अक्षरं गाइडशी जुळवून पाहतं. अडचण अशी की डीएनएवरची त्याची पकड गरजेपेक्षा घट्ट असते, त्यामुळे एखाददुसरं अक्षर चुकलं तरी सोडत नाही, कापून टाकतं. 2016 च्या आसपास दोन गटांनी यावर एकाच जातीचा उपाय काढला: पकडीतली तीन-चार अमिनो आम्लं बदलून तिथे साधं अलानिन घातलं. पकड सैल झाली. नेमक्या जागी पुरेशी, चुकलेल्या जागी अपुरी. 1368 मधले चार मणी. इन्सुलिनमध्येही हेच झालं होतं. घरात कुणी लिस्प्रो हे इन्सुलिन घेत असेल तर त्यात 28 आणि 29 क्रमांकाच्या प्रोलिन आणि लायसिनची फक्त अदलाबदल आहे. त्यामुळे रेणू एकमेकांना धरून बसत नाहीत आणि इंजेक्शन जेवणाच्या वेळेलाच लागू पडतं.

सिकलची चूक थेट बदलता येईल का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण विचारायला हवा होता. हार्वर्डच्या डेव्हिड लिऊ यांच्या गटाने डीएनएतल्या ए अक्षराचं जी करणारं संपादक प्रथिन 2017 मध्ये जाहीर केलं. निसर्गात डीएनएवर असं करणारं एन्झाइम त्यांना मिळालं नाही, तेव्हा आरएनएवर तसं करणारं ई. कोलायचं एक एन्झाइम घेतलं आणि प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या त्याची उत्क्रांती घडवली. जो जिवाणू अँटिबायोटिकमध्ये तगला त्याचं एन्झाइम पुढच्या फेरीला. आता सिकलचं जनुक पाहा, सहाव्या मण्यासाठीची तीन अक्षरं: निरोगी जीएजी, सिकल जीटीजी. या संपादकाने समोरच्या धाग्यातला ए बदलला की आपल्या बाजूचा टी बदलून सी होतो, म्हणजे जीसीजी. ते अलानिन झालं, ग्लुटामिक नव्हे. हुकलं म्हणायचं? तर नाही. सहाव्या जागी अलानिन असलेलं हिमोग्लोबिन निसर्गात आधीच आहे, इंडोनेशियातल्या मकासर शहराच्या नावाने ओळखलं जातं, आणि ते दोर वळत नाही. 2021 मध्ये याच गटाने रुग्णांच्या मूळ पेशींवर आणि उंदरांवर हे करून दाखवलं. एकेका हिमोग्लोबिनच्या नोंदी जपून ठेवणाऱ्या कंटाळवाण्या लोकांचे आभार माना.

मात्र रसायन बरोबर निघालं म्हणून औषध बरोबर निघेल असं नाही, हेही ऐकून घ्या. व्हॉक्सेलोटर हे औषध हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीच्या टोकाला जाऊन बसतं आणि ऑक्सिजन सुटू देत नाही. ऑक्सिजन सुटला नाही तर खाच उघडणार नाही, दोर वळणार नाही. कागदावर मला ते अतिशय देखणं वाटलं होतं. 2019 मध्ये मान्यता मिळाली, रक्तातलं हिमोग्लोबिन वाढलंही. पण सप्टेंबर 2024 मध्ये फायझर या औषध कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं, कारण कळा आणि मृत्यू यांची आकडेवारी औषधाच्या बाजूने दिसेना.

कॅस-9 ची स्वतःची एक खोड आहे. ते मूळचं घशाचा संसर्ग करणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचं. आपल्यापैकी अनेकांच्या शरीराने तो जिवाणू आधी पाहिलेला असतो, त्यामुळे तपासलेल्या प्रौढांपैकी निम्म्याहून अधिकांच्या रक्तात कॅस-9 विरुद्ध प्रतिपिंडं सापडली. सिकलमध्ये संपादन शरीराबाहेर काढलेल्या पेशींवर होतं म्हणून हे फारसं आड येत नाही.

दिल्लीच्या आयजीआयबी या सीएसआयआरच्या संस्थेत देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांचा गट फ्रान्सिसेला नोव्हिसिडा या जिवाणूच्या कॅस-9 वर काम करतो. हे प्रथिन आणखी मोठं, 1629 अमिनो आम्लांचं, पण अक्षर चुकलं तर स्वभावतःच मागे हटणारं. 2020 ची फेलुदा ही कोविडची चाचणी याच प्रथिनावर उभी होती. नोव्हेंबर 2025 मध्ये या गटाच्या सिकलसेल उपचाराची घोषणा ‘बिरसा 101’ या नावाने झाली आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे गेलं. नाव बिरसा मुंडांवरून, आणि ते योग्यच, कारण हा आजार आपल्याकडे आदिवासी पट्ट्यातच जास्त आहे. पण घोषणा झाली म्हणजे गोंदियाच्या रुग्णालयात मिळायला लागलं, असा अर्थ काढू नका.

आता मामेबहिणीबद्दल स्पष्ट बोलते. कॅसजेव्हीला अमेरिकेत 2023 मध्ये मान्यता मिळाली ती बारा वर्षं आणि त्यावरच्या रुग्णांसाठी. तेव्हाची किंमत 22 लाख डॉलर, मान्यतेच्या वेळच्या दराने 18 कोटी रुपयांच्या वर. आणि मोबाइलवरच्या व्हिडिओत जे सांगत नाहीत ते असं: संपादित पेशींना हाडाच्या मगजात जागा करून द्यायला आधीच्या पेशी बुसल्फान या केमोथेरपीच्या औषधाने मारून टाकाव्या लागतात. केस जातात, कित्येक आठवडे रुग्णालय, जंतुसंसर्गाचा धोका, आणि पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. चौदा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत हा शेवटचा मुद्दा घरातल्यांनी पदराआड ठेवू नये. ज्यांना हा उपचार मिळाला त्यांतल्या बहुतेकांच्या कळा थांबल्या, हे खरं आणि फार मोठं आहे. पण आज तिच्यासाठी जे हातात आहे ते हायड्रॉक्सियुरिया आहे. साधी गोळी किंवा कॅप्सूल, जुनी, स्वस्त. ती काय करते? एचबीएफ वाढवते. 18 कोटींचा उपचार ज्या रस्त्याने जातो त्याच रस्त्याने ही बैलगाडी जाते, हळू आणि रोज. मध्येमध्ये रक्ताच्या पेशी मोजाव्या लागतात. तिला ती सुरू आहे का, नसेल तर का नाही, हे तिच्या डॉक्टरांना विचारा. क्रिस्पर येईल म्हणून ती थांबवू नका, टाळू नका.

विषयाचं म्हणाल तर जीवरसायन घेतलंत ते छान केलंत. गाइड आरएनएची रचना संगणकावर करणं तुम्ही एका दुपारी शिकाल. कॉलम भरणं, जेल वाचणं, एखादं प्रथिन रुसलंय ते बफरमुळे की मिठामुळे की फ्रीजर रात्रभर बंद होता म्हणून, हे ओळखायला वर्षं लागतात आणि ती माणसं सगळ्यांना हवी असतात. प्रोजेक्टला असा विषय निवडा ज्यात प्रथिन स्वतः बनवावं लागेल, विकत आणावं लागणार नाही. मार्गदर्शकांकडे उणे 80 चा फ्रीजर आणि त्याला जनरेटर आहे का, हे आधी पाहा. हसू नका, उन्हाळ्यात एका रात्रीच्या वीज जाण्याने आमचं वर्षभराचं काम पाण्यात गेलेलं आहे.

आणि एक काम आजच करा. बहिणीचा एचपीएलसीचा रिपोर्ट फाइलमधून काढा. त्यात एक आलेख असेल, वेगवेगळ्या उंचीचे डोंगर. ते हिमोग्लोबिन विद्युतभारानुसार वेगळं करून काढलेले आहेत, म्हणजे 1949 चा पॉलिंगांचाच प्रयोग, यंत्र तेवढं नवं. एस चा डोंगर उशिरा येतो, कारण सहाव्या जागेवरचा ऋण भार गेलाय. अगदी सुरुवातीला येतो तो एफ, म्हणजे एचबीएफ. त्याच्यापुढे टक्के लिहिलेले असतील. तो आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा. औषध सुरू असेल किंवा सुरू झालं, तर पुढच्या रिपोर्टमध्ये तो किती झाला ते पाहून मला कळवा.